एकवीस नंबरचा मळका शर्ट

दोन्या एरमिंदाच्या हातचा कपडा ओळखायला आमच्या सांता एदुविहिसमध्ये कुणाला चष्मा लागत नसे. साखर कारखान्याच्या धुराड्यातून गाळपाच्या दिवसांत काजळी पडते, ती नेमकी दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर येऊन बसते. बाकीच्या बायका मग धुराड्याला शिव्या देतात आणि तेच कपडे पुन्हा पाण्यात घालतात. एरमिंदा कधी शिव्या देत नसे. ती बोट ओलं करून वर धरायची, वारा कुठून येतो ते बघायची आणि दोरी फिरवून बांधायची. तिच्याकडची चादर घरी आली की माणसं आधी नाकाला लावून बघत आणि मगच अंथरत.

दोन्या हे आम्ही मानाने म्हणायचो, तिचा जन्म मात्र कारखान्याच्या चाळीतला. आई धुणं धुवायची, तिची आईही तेच करायची. नवरा होता, बेनितो नावाचा. एकोणीस वर्षांपूर्वी तो राजधानीला बूट आणायला म्हणून गेला, तो गेलाच. कुणी खोचकपणे चौकशी केली की एरमिंदा शांतपणे सांगायची, "त्याच्या पायाचं माप सापडत नसेल अजून." मूलबाळ नव्हतं. दारात एक लिंबाचं झाड, दोन पत्र्याच्या घंगाळी, कोळशाच्या दोन इस्त्र्या आणि कॉफी कांडायचं एक लाकडी उखळ, एवढा तिचा संसार. शिवाय बावीस वर्षं कारखान्याच्या बेसबॉल संघाचे शर्ट तीच धूत आली होती, आणि तिच्या मते संघ जिंको की हरो, मैदानात उतरताना तो उजळ दिसला पाहिजे, बाकीचं देवाच्या हातात.

आमच्याकडे गाळप थांबलं की मेलेला हंगाम सुरू होतो. ऊस नाही, काम नाही, दुकानदाराचं तोंड वाकडं. तेव्हा माणसं जगतात ती रविवारच्या बेसबॉलवर. सगळ्या कारखान्यांचे संघ एकमेकांशी खेळतात, आणि आमचा संघ बरीच वर्षं खेळायचा तो बहुधा शेजारच्या सान रोमान कारखान्याकडून मार खाण्यापुरता.

त्र्याहत्तर सालच्या जुलैत, बेसबॉलच्या मोसमाच्या पहिल्याच आठवड्यात, एरमिंदाची दाढ सुजली. गालाला फडकं बांधून तिने आठ शर्ट धुतले, खळ केली, इस्त्री केली. नववा शर्ट बाकाखाली घरंगळला होता, तो तिला दिसलाच नाही. रविवारी सकाळी लिओन्सियो पिनालेस दारात उभा राहिला तेव्हा दिसला. लिओन्सियो म्हणजे आमचा पिचर, चेंडू फेकणारा गडी, एकोणतीस वर्षांचा, ताडमाड उंच, डावखुरा. उसाच्या गाड्यांच्या काट्यावर काम करायचा आणि दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर घरचे औषध विचारायला जात. लहानपणी त्याची आई एरमिंदाच्या शेजारच्या घंगाळीवर धुणं धुवायची. ती लवकर गेली. तेव्हापासून एरमिंदा त्याच्या शर्टाच्या कॉलरला खळ जरा जास्तच लावायची, पण कधी बोलून दाखवायची नाही.

मागच्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यातली लाल माती अंगावर घेऊन तो एकवीस नंबरचा शर्ट बाकाखालून निघाला, आणि एरमिंदाला जमीन दुभंगावी असं वाटलं.

"मुला, मला माफ कर. बावीस वर्षांत पहिल्यांदा."

"असू दे, दोन्या," लिओन्सियो म्हणाला, आणि तसाच मळका शर्ट अंगात घालून निघाला.

त्या दिवशी त्याने सान रोमानला एकही धाव काढू दिली नाही. सहा वर्षांत आम्ही त्यांना पहिल्यांदा हरवलं.

सोमवारी सगळ्या संघाचं गाठोडं आलं, आणि त्याच्या मागोमाग लिओन्सियो स्वतः आला. एकवीस नंबरचा शर्ट बाजूला काढून म्हणाला, "दोन्या, हा धुवायचा नाही."

"म्हणजे?"

"गेल्या वेळी जसं झालं तसंच. सोमवारी तुमच्याकडे येणार, रविवारी सकाळी मी घेऊन जाणार. मधे पाणी लागायचं नाही."

"अरे, काखेत उसवलाय तो. निदान दोन टाके घालू?"

"सुईसुद्धा नको."

आता बेसबॉल खेळणाऱ्यांचं हे असंच असतं, त्यात नवल नाही. जिंकताना पायात जो मोजा असेल तो हरेपर्यंत निघत नाही. पण एरमिंदाच्या जिवाला ते लागलं. जन्मभर केलेलं चोख काम कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि एकदाच झालेली चूक आता दाराआड खिळ्याला टांगून पुजायची! तिने बडबड केली, पण शर्ट टांगला.

आणि लिओन्सियो जिंकत सुटला. दुसरा सामना, तिसरा, पाचवा, आठवा. आमचा संघ मैदानात उतरायचा तेव्हा आठ बगळे आणि मधे एक चिखलात लोळलेला बैल असं दिसायचं, आणि लोक त्या बैलाला बघायला तीन-तीन कारखान्यांवरून यायला लागले. त्याची आकडेवारी सगळ्यांना पाठ होती, पण आकडा तोंडातून काढायची कुणाची छाती नव्हती. आकडा उच्चारला की फुकू लागतो, म्हणजे असा अपशकुन की तो माणसाला आणि घराला दोघांनाही बुडवतो. चागो न्हावी गिऱ्हाइकाला नुसतीच बोटं दाखवायचा. किराणावाल्या देमेत्रिओकडे कुणी चौदा अंडी मागितली तर तो तेरा द्यायचा नाहीतर पंधरा, पण चौदा मोजायचा नाही, कारण चौदा सलग विजय हा सगळ्या कारखान्यांतला विक्रम होता. सान रोमानच्या एका पिचरने वीस वर्षांपूर्वी केलेला.

ऑक्टोबरात लिओन्सियोने तोही गाठला. पुढच्या रविवारी पंधरावा, आणि समोर सान रोमानच.

त्या आठवड्यात शर्टाला असा काही दर्प सुटला होता की एरमिंदाने त्याच्यावर आपला जाड एप्रन टांगून ठेवला. शुक्रवारी तिची कोमाद्रे तोमासिना येऊन बसली. तोमासिनाच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी एरमिंदाने हातांवर घेतलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत आणि एकमेकींपासून काही लपवत नसत.

"कोमाद्रे, ऐकलंस का? तार ऑफिसातल्या तारेवाल्याची बायको परत आली."

"कोण, ती दुसऱ्याबरोबर पळून गेलेली?"

"तीच. आणि येताना दुसऱ्याचा रेडिओ घेऊन आलीय!"

"अगं बाई! आणि तो काय म्हणाला?"

"तो काय म्हणणार? गाणी ऐकतोय."

एरमिंदा हसता हसता उठली. एप्रन मळला होता, तो तिने खिळ्यावरून ओढला, घंगाळीत टाकला आणि दोन्ही हातांनी घासायला लागली. तारेवाल्याची गोष्ट चांगली तासभर चालली. हात आपलं काम करत होते. साबण, फळी, नीळ, पिळा. तोमासिना गेली. एरमिंदाने पिळे उलगडून दोरीवर टाकायला घेतले, आणि एप्रनच्या पोटातून एकवीस नंबर बाहेर आला.

पांढराशुभ्र.

एप्रनबरोबर शर्टही ओढला गेला होता, आणि तिच्या हातांनी तीस वर्षं कपड्यांचं जे करत आले तेच त्याचं केलं होतं. खोटं कशाला सांगा, त्या भीतीतसुद्धा तिच्या मनात एक क्षण येऊन गेलंच, की काखेतला पिवळा डाग अगदी मुळापासून गेलाय.

मग मात्र तिला रडू फुटलं. गाव आपल्याला फुकू म्हणेल, कुणी दारात चिंधी टाकणार नाही, हे सगळं तिला दिसत होतं. पण ते पुढचं. आधी दिसत होता तो दहा वाक्यांचा मुलगा. मळका शर्ट अंगात आहे या भरवशावर तो चौदा वेळा मैदानात उतरला होता. आता तो उतरेल आणि अंगावर नुसतं कापड असेल. तो हरला तर आपल्यामुळे हरेल. त्याला सांगावं, तर आधीच हरेल. तिने डोळे पुसले आणि शर्ट दोरीवरून खाली ओढला.

जन्मभर जिने डाग काढले ती बाई आता डाग पाडायला बसली. कुठला डाग कुठे होता हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? भर दुपारी, मैदानावर चिटपाखरू नसताना, ती पत्र्याचा डबा घेऊन गेली आणि पिचर जिथून चेंडू फेकतो त्या उंचवट्यावरची लाल माती खरवडून आणली. उजव्या कमरेवर हात पुसायची त्याची सवय, म्हणून शर्टाच्या उजव्या टोकाला माती जास्त. खांद्यावर तंबाखूच्या पाण्याचा शिंतोडा. पोटावर काकवीचा एक गोल, तो तिसऱ्या सामन्यानंतर कुणीतरी मिठी मारली तेव्हाचा. सगळं जिथल्या तिथे बसलं. राहिला घाम.

घाम काही दुकानात मिळत नाही. एरमिंदाने दार लावलं, खिडकी लावली, लिओन्सियोचा शर्ट स्वतःच्या अंगात चढवला आणि उखळात कॉफी घालून कांडायला सुरुवात केली. वर तापलेला पत्रा, आत बावन्न वर्षांची जाडजूड बाई, पाठीवर एकवीस नंबर, आणि मुसळाचे धडाधड घाव. शुक्रवारी कांडलं, शनिवारी पुन्हा कांडलं. घरातली सगळी कॉफी संपली तेव्हा काखेतला पिवळा डाग होता तिथे परत आला होता.

शनिवारी संध्याकाळी ती आल्ताग्रासियाच्या माउलीच्या तसबिरीपुढे उभी राहिली. "आई, चूक माझी आहे, त्याची नाही. त्याला जिंकू दे. तो जिंकत राहील तोवर मी कॉफीच्या थेंबाला शिवणार नाही." आता कॉफीशिवाय एरमिंदा म्हणजे कोळशाशिवाय इस्त्री. पण तिच्याकडे द्यायला दुसरं होतं काय?

मग शर्ट मांडीवर घेऊन ती उगाच त्याच्यावरून हात फिरवत बसली. बसल्या बसल्या विचार रविवारचा चालला होता, आणि हातांचं आपलं वेगळंच काहीतरी चालू होतं.

रविवारी सकाळी लिओन्सियो आला. शर्ट घेतला, खांद्यावर टाकला.

"येता ना, दोन्या, सामन्याला?"

एरमिंदा कधी सामन्याला जात नसे. रविवारी ती झोपायची. "येते," ती म्हणाली.

तोमासिनाने तिला पहिल्या रांगेत जागा धरून ठेवली होती. "कोमाद्रे, तुझा चेहरा असा काय झालाय? काल काही खाल्लं नाहीस का?"

"कॉफी सोडलीय."

"तू? मग आता जगबुडीच व्हायची."

लिओन्सियो उंचवट्यावर चढला. सरावाचा पहिला चेंडू टाकायला त्याने डावा हात वर नेला आणि तसाच थांबला. हात खाली घेतला. पुन्हा वर नेला. मान वाकवून काखेकडे बघितलं. मग त्याने प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेवरून नजर फिरवली, ती एरमिंदावर येऊन टेकली. एरमिंदाने जपमाळ इतकी आवळली की मण्यांचे वळ उठले. वास आला असेल का त्याला साबणाचा? पण त्याने नजर काढून घेतली, टोपी खाली ओढली आणि चेंडू हातात फिरवायला लागला.

पहिल्याच डावात त्याने दोन धावा दिल्या. चेंडू भलतीकडेच जात होते. मैदान असं गप्प झालं की सान रोमानवाल्यांच्या टाळ्या उघड्या-नागड्या वाटायला लागल्या.

"हातात जोरच नाहीये आज पोराच्या," तोमासिना पुटपुटली.

"गप्प बस गं!" एरमिंदा इतक्या जोरात ओरडली की पुढे उभे असलेले खेळाडू वळून बघायला लागले.

दुसऱ्या डावापासून लिओन्सियो वेगळाच खेळला. याआधीचे सामने तो हसत-खेळत जिंकला होता. या दिवशी त्याचे दात घट्ट मिटलेले होते, आणि प्रत्येक चेंडूआधी तो एकदा पहिल्या रांगेकडे बघायचा. तिसरा डाव, पाचवा, सातवा, सान रोमानला एक धाव मिळेना. आमच्यांनी रखडत रखडत दोन काढल्या. ठरलेले नऊ डाव झाले, बरोबरी. दहावा झाला. अकराव्यात त्यांचे तीन गडी त्याने ओळीने बाद केले, शेवटच्याला तर चेंडू दिसलासुद्धा नसावा. आणि मग आमच्या पाळीला आमच्या कॅचरने, मागे बसून चेंडू झेलणाऱ्या गड्याने, असा टोला हाणला की चेंडू उसात गेला, तो अजून तिथेच असेल.

पंधरा! आता ओरडायला हरकत नव्हती, विक्रम झाला होता. ढोल आले, रम आली, चागो न्हावी देमेत्रिओच्या गळ्यात पडून रडला. लिओन्सियोला खांद्यावर घेऊन गाव नाचत होतं. तेवढ्यात एरमिंदा घरी गेली, माउलीच्या तसबिरीपुढे बसली आणि पोटभर रडली.

पण माउलीने तिचं बोलणं जरा जास्तच नीट ऐकलं होतं. सोळावाही तो जिंकला, सतरावाही. एरमिंदाचं डोकं सकाळपासून ठणकायचं. तोमासिना मुद्दाम तिच्या दारात बसून कप भरून प्यायची. "वास घे, वासाला काही बंदी नाही ना?" एरमिंदा तिला घंगाळीतलं पाणी फेकून मारायची, आणि रविवारी पुन्हा त्याच्याच विजयासाठी माळ ओढायची.

अठराव्या सामन्यात सरपटत येणारा एक साधा चेंडू खड्यावर आपटून आमच्या गड्याच्या डोक्यावरून उडाला, आणि तेवढ्यावर खेळ संपला. एका धावेने हरलो. सोमवारी गावात सुतक होतं. फुकू कुणी आणला याचा शोध सुरू झाला, आणि संशय देमेत्रिओवर आला, कारण शनिवारी त्याने कुणालातरी अठरा अंडी मोजून दिली होती. बिचारा दुकान बंद करून आत बसला.

एरमिंदा दारात बसून होती. देमेत्रिओला शिव्या पडताहेत हे तिला ऐकू येत होतं, आणि तिच्याच्याने ते सोसवेना. ती उठणार, तोच लिओन्सियो आला. एकटाच. हातात शर्ट.

"दोन्या, आता धुवा."

तिने शर्ट घेतला नाही. "मुला, आधी माझं ऐक. मला एक सांगायचंय. मी पाप केलंय."

"काखेतला टाका ना?"

त्याने शर्टाची डावी काख उलटी करून तिच्यापुढे धरली. बारीक, एकसारखे, जवळजवळ न दिसणारे सात टाके. शनिवारी संध्याकाळी, मांडीवर शर्ट घेऊन बसल्या बसल्या, तिच्या हातांनी ते घातले होते, आणि तिला त्याचा आत्तापर्यंत पत्ता नव्हता.

"हात वर केला की तिथून वारा लागायचा," लिओन्सियो म्हणाला. "त्या दिवशी लागला नाही. म्हटलं, दोन्याने सुई घातली म्हणजे आधी धुतलाही असणार. न धुता तुम्ही कशालाच सुई लावत नाही."

"तुला तेव्हाच कळलं? उंचवट्यावर?"

"हो."

"आणि बोलला नाहीस? अरे, तिथेच थांबवायचं होतंस सामना! निदान माझ्या अंगावर ओरडायचंस!"

"आणि मग हरलो असतो तर?" त्याने दुकानाच्या दिशेला मान हलवली. तिकडे अजून आरडाओरडा चालला होता. "हे सगळं तुमच्या दारात झालं असतं. त्याआधी चौदा वेळा मला वाटायचं, शर्ट जिंकतोय. हरलो तर शर्ट हरेल, मला काय? त्या दिवशी पहिल्यांदाच असं झालं की हरायचं नाहीच. पाय लटपटत होते, दोन्या. दोन धावा त्यातच गेल्या. मग तुमच्याकडे बघितलं. तुम्ही ती माळ तोडायलाच बसला होतात."

एवढं तो आयुष्यात एका दमात कधी बोलला नसेल. एरमिंदाने एप्रन तोंडाला लावला आणि हुंदका आत दाबला.

"आता धुवा म्हणतोय ना," तो म्हणाला. "आणि या वेळी परत मळवत बसू नका. माती-बिती अगदी झकास जमली होती. पण घामाला कॉफीचा वास कसा काय आला, ते काही मला कळलं नाही. अकरा डाव नुसती तल्लफ येत होती."

तिला हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते थांबेना. हसता हसताच तिने त्याच्या पाठीत एक जोरदार धपका घातला. "तीन आठवडे! मेल्या, तीन आठवडे मी कॉफीवाचून डोकं धरून बसलेय, आणि हा सगळं माहीत असून जिंकत सुटलाय! आधी देमेत्रिओला सोडवून ये. आकडे-बिकडे काही नाही, खडा होता म्हणून सांग त्यांना. तू सांगितलंस तर ऐकतील."

तो गेला. एरमिंदाने शर्ट घंगाळीत घातला आणि त्याच्यावर साबण चढवला. काखेतल्या टाक्यांवरून मात्र तिने फक्त अंगठा हलकेच फिरवला. मग सगळ्या गावाला दिसेल असा तो दोरीच्या मधोमध वाळत घातला.

आत जाऊन तिने फळीवरचा डबा काढला. त्या शुक्रवारी आणि शनिवारी कांडलेली कॉफी तशीच होती, काठोकाठ. तिने चूल पेटवली, आधण ठेवलं आणि दोन कप पुसून ठेवले.